भागूबाईचा ब्रेक

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल, बँकेत असेल. इमारतीत आणि कामावर मात्र ती भागूबाई. भित्री भागूबाई. हे नाव बाबांनी ठेवलं आणि ते असं चिकटलं की आई रागावली तरच खऱ्या नावानं हाक मारायची. तेव्हा आपणही भागूबाईच म्हणू.

भित्री म्हणजे किती भित्री? कुत्र्याला भ्यायची, कुकरच्या शिट्टीला भ्यायची, फुगा फुगवायला घेतला की तो फुटेल म्हणून दुसऱ्या खोलीत जाऊन कान झाकून बसायची. हे सगळं वयाबरोबर गेलं. लिफ्टची भीती तेवढी गेली नाही. त्या भीतीवरच पुढं तिनं पोट भरलं आणि त्या भीतीनंच एकदा तिला पुरतं तोंडघशी पाडलं.

घर सहाव्या मजल्यावर. जिना गोल गोल वर जायचा आणि त्याच्या मधोमध तारेच्या जाळीत लिफ्ट. ओढून लावायचं लोखंडी दार, आत पिवळा दिवा, आणि वर पाहिलं तर ग्रीसनं काळे झालेले दोर. बाबा बेकरीत कामाला होते. पहाटेच जायचे आणि दुपारी पिठानं पांढरे होऊन, खोकत घरी यायचे. एकदा शाळेतून तिला घेऊन ते लिफ्टनं वर येत होते आणि वीज गेली. लिफ्ट हिसका देऊन मध्येच थांबली. बाबा शीळ घालत उभे राहिले. भागूबाईनं वर पाहिलं. जाळीतून येणाऱ्या उजेडात ते दोर किंचित हलत होते.

"बाबा, दोर तुटला तर?"

"तुटत नाही गं."

"पण तुटला तर?"

"अगं, वीज गेलीय. दोराचा काय संबंध?"

वीज आली, लिफ्ट वर पोचली, बाबा विसरले. भागूबाई कुठली विसरते. रात्री जेवताना तिनं आईला विचारलं. आई म्हणाली, "शुभ बोल नाऱ्या." शाळेत बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, "असं काही होत नसतं, खाली बस." आता तुम्हीच सांगा. पोर विचारतंय 'तुटला तर', आणि मोठी माणसं सांगतात 'तुटत नाही'. हे काय उत्तर झालं? मोठ्यांना उत्तर येत नसलं की ते पोरांना धीर देतात, आणि पोरांना हे लगेच कळतं. भागूबाई दप्तर पाठीला लावून सहा मजले जिना चढायला लागली. मधल्या जाळीकडे पाठ करून, भिंतीला खेटून.

उत्तर मिळालं ते लिफ्टच्या दुरुस्तीला येणाऱ्या उस्तादकडून. उस्ताद हा काळा, आडव्या बांध्याचा माणूस. तेलाचा डबा घेऊन यायचा, सगळ्यांवर खेकसायचा. कोणी "किती वेळ लागेल?" विचारलं की म्हणायचा, "जिना कशाला बांधलाय?" ती पायरीवर बसून त्याचं काम बघत होती. खूप वेळानं तिनं भीत भीत विचारलं.

उस्तादनं पाना खाली ठेवला. "एक तुटला तर बाकीचे आहेत. सगळे तुटले तर लिफ्ट खाली सुटणार."

भागूबाईनं पायरीची कड घट्ट धरली. पण 'सुटणार' असं कोणीतरी पहिल्यांदाच म्हटलं होतं.

"मग?"

"मग वर एक चाक आहे. लिफ्टचा वेग वाढला की त्याला कळतं. ते खालच्या पाचरी ओढतं. आणि त्या पाचरी दोन्ही बाजूंच्या रुळांना अशा चावतात." त्यानं तिच्या दप्तराचा पट्टा दोन मुठींत करकचून धरला. "ओढ बघू."

तिनं ओढला. पट्टा हलला नाही.

"तुम्ही पाहिलंय थांबताना?"

"आत बसून पाहिलंय."

"भीती वाटली?"

"मग काय तर," उस्ताद म्हणाला आणि पाना उचलून परत जाळीत शिरला.

त्याच सुमारास मामाकडून पत्र्याची एक पेटी आली. मामाच्या मुलाला कोणीतरी दिली होती, त्याला चेंडूपलीकडे काही दिसत नव्हतं, म्हणून ती इकडे आली. आत भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, लहान नट, बोल्ट, चार चाकं, एक कप्पी आणि बोटभर लांबीचा पाना. पेटीच्या झाकणावर पुलाचं, मोटारीचं, क्रेनचं चित्र होतं. भागूबाईनं त्यातलं एकही केलं नाही. पहिल्या दिवसापासून तिनं लिफ्ट करायला घेतली.

कपाटाच्या कडेला दोन लांब पट्ट्या उभ्या बांधल्या, ते रूळ. चार पट्ट्यांचा पिंजरा. वर कप्पी, आईच्या शिवणाच्या डब्यातला जाड दोरा. आणि आत प्रवासी म्हणून बटाटा. बाहुली ठेवायचा धीर झाला नाही. बाहुलीला डोळे होते. दोरा ओढून बटाटा कपाटाच्या टोकापर्यंत न्यायचा आणि आईच्या कात्रीनं दोरा कापायचा. बटाटा दाणकन फरशीवर. आई ते चेपलेले बटाटे रात्री भाजीत घालायची, आणि बाबा पहिला घास घेण्याआधी गंभीरपणे विचारायचे, "आज कोण गेलं?"

"पाचव्या मजल्यावरचे काका," भागूबाई सांगायची. तिच्या तोंडावर हसू नसायचं. तिला बटाट्यांचं खरंच वाईट वाटायचं.

पट्टी वाकवून केलेल्या पाचरी कधी रुळाला लागतच नव्हत्या, कधी एकच लागायची आणि पिंजरा तिरका होऊन बटाटा बाहेर. आठवडेच्या आठवडे गेले. बोटांना नटांचे चरे पडले. शेवटी तिनं रबरबँड लावला: दोरा ताणलेला असेपर्यंत रबर पाचरींना मागं धरून ठेवायचं, दोरा कापला की पाचरी बाहेर उसळायच्या. कात्री लावली. खट्ट झालं. बटाटा रुळांच्या मध्यावर तसाच राहिला, जरासा डुलत.

तिनं बाबांना हाक मारली. ते बनियनवर, खोकत आले. बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा काप बघू."

तिनं पुन्हा बांधून पुन्हा कापला. पुन्हा खट्ट. बाबांनी बटाटा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "वाचलास रे बाबा." भागूबाईला रडू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. दुसऱ्या दिवशी ती बाबांचा हात घट्ट धरून लिफ्टमधून शाळेला गेली. भीती होतीच. पण आता ती नुसती अंगभर पसरलेली नव्हती. कुठं काय आहे, काय सुटलं की काय धरतं, हे ठाऊक होतं. भीतीला बसायला जागा मिळाली होती.

पुढचं सरळ आहे. पेटीतल्या पट्ट्या संपल्या, मग तिनं मोडलेल्या छत्र्यांच्या काड्या गोळा केल्या, सायकलवाल्याकडून जुने ब्रेक आणले. दहावीनंतर डिप्लोमाला गेली, यंत्रांचा. तिथून लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत. तिथले साहेब मुलाखतीत म्हणाले, "उंचीची भीती वाटते का?" ही म्हणाली, "हो." "लिफ्टची?" "हो, जास्त." साहेब हसले नाहीत. "ज्याला वाटत नाही त्याच्या हातात मी पाना देत नाही," ते म्हणाले आणि तिला घेतलं.

कामावर तिची थट्टा व्हायची ती व्हायचीच. लिफ्टमध्ये पाय टाकण्याआधी ती एका पायानं जमीन दाबून बघायची. कुलूप लावलं की परत येऊन ओढून बघायची, मग जिन्यापर्यंत जाऊन पुन्हा परत. सोबतचे म्हणायचे, "भागूबाई, कुलूपच घाबरलं असेल आता." पण अवघड इमारत आली, दवाखान्याचं काम आलं, की साहेब तिलाच पाठवायचे. तिनं हात लावलेल्या लिफ्टची कधी तक्रार आली नाही.

मधल्या काळात आई गेली. बाबा निवृत्त झाले, पण पिठानं त्यांच्या छातीत घर केलं होतं. दम्याचा पंप खिशात ठेवायचा आणि रोज सकाळी खाली जाऊन बाकावर आपल्यासारख्या म्हाताऱ्यांबरोबर जगाला नावं ठेवायची, एवढा त्यांचा उद्योग. जिना त्यांना जमत नव्हता. भागूबाई त्यांच्याबरोबरच राहायची. आणि ती जाळीतली जुनी लिफ्ट आता एवढी कुरकुरायला लागली होती की इमारतीतल्या लोकांनी वर्गणी काढून नवी घ्यायची ठरवली. काम भागूबाईच्या कंपनीला मिळालं. भागूबाईनं साहेबांना सांगितलं, हे मीच करणार.

जाळी गेली, भिंती आल्या, स्टीलची सरकती दारं आली. उस्ताद ज्याला चाक म्हणायचा त्याला गव्हर्नर म्हणतात. ते गच्चीवरच्या खोलीत मोटारीशेजारी असतं. त्याला एक स्प्रिंग असते. स्प्रिंग घट्ट केली तर ब्रेक जरा उशिरा लागतो, सैल केली तर लवकर. किती ते कंपनीनं ठरवलेलं असतं: रोजच्या वेगाच्या इतकं वर की रोजच्या धावण्यात लागू नये, आणि इतकंही वर नाही की खरंच सुटली तर उशीर व्हावा. साहेबांसमोर चाचणी झाली. सगळं चोख निघालं. साहेब चहाला खाली गेले. आता त्या स्प्रिंगच्या नटावर शिशाचं सील मारायचं, म्हणजे पुन्हा कोणी हात लावणार नाही, एवढंच काम उरलं.

भागूबाई सील हातात घेऊन उभी राहिली आणि तिला बाबा दिसले. रोज सकाळी या लिफ्टमध्ये एकटे उभे, एक हात भिंतीला, छाती खालीवर होतेय. इतकी माणसं चढतील-उतरतील, त्यांच्यासाठी कंपनीचं माप ठीक आहे. पण माझा बाप आहे. जरा लवकर धरलं तर काय बिघडलं? लवकर धरल्यानं कधी कोणी मेलंय का? तिनं पाना लावला, नट थोडा सैल केला. मग सील मारलं.

बेफिकीर माणसाच्या हातून ही चूक होणं शक्य नाही. तो माप बघतो, सील मारतो, घरी जातो. इतकी काळजी करणारीच असली चूक करू शकते.

काही महिने काही झालं नाही, कारण ती लिफ्ट गच्च भरून खाली कधी गेलीच नव्हती. सकाळी चारदोन माणसं, दुपारी एखादी मोलकरीण. मग एका सकाळी पाचव्या मजल्यावरचं कुटुंब ट्रंका, वळकट्या घेऊन परगावी निघालं. त्यातच शाळेची वेळ, ऑफिसची वेळ. बाबा सहाव्या मजल्यावरून आधीच आत होते. पाचव्यावर ट्रंका आल्या, चौथ्यावर एक शाळेतल्या बाई आणि एक वकील शिरले. भरलेली लिफ्ट खाली जाताना नेहमीपेक्षा किंचित वेगानं जाते. किंचितच. कंपनीच्या मापात ते बसतं. भागूबाईच्या मापात बसलं नाही.

भागूबाई घरात डबा भरत होती. भिंतीतून आवाज आला, जड, बोथट, आणि पाठोपाठ लोखंडावर लोखंड घासल्याचा. तो आवाज ओळखायला तिला क्षणही लागला नाही. आयुष्यभर ती त्याच आवाजाची वाट बघत आली होती. हातातलं झाकण खाली पडलं. आणि तेव्हाच तिला टेबलावर बाबांचा पंप दिसला. आज विसरले होते.

पंप मुठीत धरून ती बाहेर धावली. जिन्यात खालून गलका येत होता, दार बडवल्याचे आवाज, कोणीतरी पोर रडत होतं. त्या सगळ्यातून तिला खोकला ऐकू आला. बाबांचा. ती खाली धावायला लागली आणि दोन पायऱ्यांवर थबकली. आधी वीज बंद. वीज चालू असताना कोणी लिफ्टच्या छतावर जायचं नसतं. गच्ची वर, बाबा खाली. पाय खाली ओढत होते. ती वर गेली. घाईत खोलीचं कुलूप उघडेना. किल्ली भोकाच्या कडेवर नुसती खडखडत राहिली. उघडलं एकदाचं. मुख्य स्विच पाडला. गव्हर्नरकडे पाहिलं. दोर सगळे शाबूत, ताणलेले. मोटार थंड. काहीही सुटलेलं नव्हतं, काहीही तुटलेलं नव्हतं. फक्त गव्हर्नर अडकून बसला होता आणि त्यावर तिचं शिशाचं सील चकाकत होतं.

तिला सगळं कळलं.

ती खाली धावली. वाटेत वॉचमन भेटला, त्याला वर पिटाळलं, "मोटारीजवळ थांब, दोन माणसं गोळा कर, मी आल्याशिवाय कशाला हात लावू नकोस." चौथ्या मजल्यावर तिनं किल्लीनं दार उघडलं. समोर अंधारी विहीर. लिफ्टचं छत तिच्या पावलांच्या बरंच खाली, धुळीनं माखलेलं. खोकला आता आतून येत होता, सुका, आखडता, एकातून दुसरा सुटायच्या आधीच तिसरा. मग थोडा वेळ काहीच नाही. ती शांतता तिला सहन होईना.

"पंप आणलाय," ती ओरडली. "मी छतावर येतेय. कोणी हलू नका."

बोलायला सोपं आहे. पण जिनं लहानपणी जाळीकडे पाठ करून जिना चढला, तिला आता पाचरींच्या भरवशावर लटकलेल्या लिफ्टच्या डोक्यावर उतरायचं होतं. पाचरी सुटत नाहीत, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? गुडघ्यांना ते कोणी सांगावं. दाराच्या चौकटीला धरून ती पोटावर पडली, पाय खाली सोडले, बोटांनी छत चाचपलं. छत लागेना. शर्ट घामानं पाठीला चिकटला. 'मरेन' एवढंच डोक्यात येत होतं, आणि त्यामागं, 'ते मरतील'. तिनं हात सोडले.

पाय छतावर आदळले. लिफ्ट हलली नाही. ती गुडघ्यांवर सरकत छतातल्या झडपेपर्यंत गेली, खिट्टी काढली. खाली माना वर करून बघणारी तोंडं. शाळेतल्या बाईंनी बाबांना मागून धरून ट्रंकेवर बसवलं होतं. त्यांचे ओठ निळसर पडले होते. डोळे मात्र वर होते, तिच्याकडे. तिनं पंप खाली सोडला. बाईंनी झेलला, त्यांच्या तोंडाला लावला, दाबला. पुन्हा दाबला. छतावर पालथी पडून भागूबाई त्यांची छाती बघत राहिली. ती वर आली, खाली गेली. परत वर आली. पहिल्यापेक्षा थोडी जास्त.

"आली का भागूबाई?" बाबा म्हणाले. आवाज नुसता फुंकरीएवढा.

"आले. आता वर घेते सगळ्यांना."

चौकटीला धरून ती विहिरीतून वर चढली आणि पुन्हा गच्ची गाठली. भरलेली लिफ्ट हातानं वर ओढणं म्हणजे काय ते वॉचमनला विचारा. एकानं मोटारीचा ब्रेक उघडून धरायचा, बाकीच्यांनी मोटारीचं मोठं चाक फिरवायचं, आणि चाक तर जागचं हलत नाही. भागूबाई त्याला लोंबकळली. तिघांनी मिळून बोटभर, मग वीतभर. खाली कुठंतरी पाचरी कुरकुरत सुटल्या आणि चाक एकदम हलकं झालं. चौथ्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा तिचे तळहात सोलले गेले होते आणि तिला ते दिसलंही नव्हतं.

ती जिन्यानं खाली आली तर बाबा पायरीवर बसले होते, भोवती सगळी मंडळी, कोणी पाणी आणलेलं, कोणी पाठीवरून हात फिरवतंय. आणि बाबा, श्वास पुरा मिळत नसताना, एकेक शब्द गोळा करून सांगत होते, "पडत होती लिफ्ट. मला कळलं. सुटलीच होती. माझ्या लेकीच्या ब्रेकनं धरलं. तिनं लहानपणी... घरात केला होता."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. ट्रंकावाल्या बाईनं भागूबाईचे हात धरले आणि रडत म्हणाली, "तुझे उपकार कसे फेडायचे गं." बाबा तिच्याकडे बघत होते. इतकं कौतुक त्या चेहऱ्यावर तिनं बटाटा वाचला त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं. गप्प राहायचं, एवढंच करायचं होतं. उद्या गुपचूप नट घट्ट केला असता तर कोणाच्या बापाला कळलं नसतं.

पण मग बाबा या लिफ्टमध्ये कशावर विश्वास ठेवून बसणार होते?

"लिफ्ट पडत नव्हती," भागूबाई म्हणाली.

कोणाला ऐकू आलं नाही. ती परत म्हणाली, मोठ्यानं. "पडत नव्हती. दोर धड आहेत. ब्रेक मी नको इतका लवकर लावून ठेवला होता. माझ्यामुळे अडकलात तुम्ही."

चौथ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "म्हणजे आम्हाला उगाच कोंडून ठेवलंत? म्हाताऱ्याचा जीव गेला असता." त्यांचं काही चुकलं नव्हतं. ट्रंकावाल्या बाईनं हात हळूच सोडवून घेतले. भागूबाईनं बाबांकडे पाहायचा प्रयत्न केला. ते खाली पायरीकडे बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "तू आधी ते नीट कर." आणि शाळेतल्या बाईंच्या खांद्यावर हात टाकून, एकेक पायरी उतरत, डॉक्टरकडे गेले.

साहेब आले. तिनं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यामुळे तिला जास्तच लागलं. सील तोडलं, नट कंपनीच्या मापावर आणला, साहेबांनी स्वतः पुन्हा मोजला. दुपारभर वाळूची पोती भरून लिफ्ट खाली सोडली, वर आणली, खाली सोडली. प्रत्येक वेळी भागूबाई आत. पोती आणि ती. प्रत्येक वेळी चौथ्या मजल्याखाली गेल्यावर तिचे डोळे आपोआप मिटायचे. लिफ्ट कुठं अडली नाही. मग मुद्दाम वेग वाढवून पाहिला, तेव्हा पाचरींनी धरलं, जिथं धरायला हवं तिथं. साहेबांनी नवं सील तिच्या हातात दिलं. "मार," ते म्हणाले. तिनं मारलं.

ऊन उतरताना बाबा परतले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बरे आहेत, पण जिना अजिबात नाही. तळमजल्यावर निम्मी इमारत उभी होती. दप्तरं घेतलेली पोरं, पिशव्या घेतलेल्या बायका, वकील. लिफ्टचं दार उघडं होतं, आत दिवा होता आणि आत कोणीही नव्हतं. जो तो जिन्यानं जायचा विचार करत होता, पण पहिल्यानं कोण निघतंय याची वाट बघत होता. भागूबाई दाराशी उभी. बाबा हळूहळू आले. तिच्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं.

"चल," ते म्हणाले आणि आत शिरले.

दार बंद झालं. लिफ्ट वर निघाली. बाबांनी तिचं मनगट धरलं. त्यांचा हात गार आणि ओला होता, आणि तो थरथरत होता. तिला वाटलं, दम्याच्या औषधानं हात थरथरतात, तसं असेल. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही घाबरलायत."

"हं."

"सकाळमुळे?"

"सकाळचं काय घेऊन बसलीस," बाबा म्हणाले. नजर वर जाणाऱ्या आकड्यांवर होती. "मला लिफ्टची पहिल्यापासून भीती वाटते. तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून. वीज गेली की शीळ घालायचो. शीळ घातली की दात वाजलेले ऐकू येत नाहीत."

"मग सांगितलं का नाहीत कधी?"

"काय सांगू? तुझी तुला पुरत नव्हती का?"

सगळं आयुष्य तिला वाटत होतं की या घरात घाबरणारी आपण एकटीच. चौथा गेला. पाचवा गेला.

"आता धरेल ना?" बाबांनी विचारलं.

"धरायच्या वेळी धरेल."

"आणि बाकीच्या वेळी?"

"सोडेल. आज दिवसभर पाहिलं, बाबा. आत बसून."

सहावा आला. दार उघडलं. समोर घराचं दार, बाहेर वाळत घातलेला बाबांचा टॉवेल. भागूबाई बाहेर पडली आणि त्यांना हात द्यायला वळली. बाबा जागचे हलले नाहीत. पाठ भिंतीला टेकवून उभे होते, कपाळावर घाम.

"चला ना. घर आलं."

"वर तर सकाळीही नीट आली असती," बाबा म्हणाले. "अडते ती खाली जाताना. खाली सगळे उभे आहेत. मी वर आलो एवढं त्यांना दिसलं. मी खाली आलो हे दिसायला हवं. तुझ्या लिफ्टमध्ये उद्या कोणी बसलं पाहिजे की नाही?"

"उद्या जाऊ. तुमची छाती..."

"आत ये," बाबा म्हणाले. "मला एकट्याला नाही जमायचं."

ती आत आली. त्यांनी पुन्हा तिचं मनगट धरलं, आणि दुसऱ्या हाताचं बोट दोनदा चुकल्यावर, तळमजल्याचं बटण त्यांनीच दाबलं.